कोपऱ्यातलं नाव

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

धुळ्यात नानांच्या फोटो स्टुडिओत मी बारा वर्षं आहे. कॅमेरा माझ्याकडे, कॉम्प्युटरही माझ्याकडेच. फोटोंवर नाव टाकायचा प्रोग्राम मीच लिहिला. प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर. त्यातले फोटो आपोआप इंटरनेटवरच्या एका सेवेकडे जातात, ज्याचं फोल्डर त्याचं नाव कोपऱ्यात घेऊन परत येतात. पाचशे असोत की हजार — चूक होत नाही.

मग प्रतिभा आली. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली, जेमतेम बावीसची. मला 'भाऊ' म्हणायची. घरून एका वर्षाची परवानगी होती. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बजावलं होतं — वर्षात चार लोकांत तुझं नाव दिसलं तर राहा, नाही तर मुकाट्यानं घरी ये.

पोरगी कॅमेरा धरायची आणि, काय सांगू, माणसं तिच्यासमोर लाजायचीच नाहीत. नाना गिऱ्हाइकांना तिचेच फोटो दाखवायला लागले. बारा वर्षांत माझा एक फोटो त्यांनी असा कुणाला दाखवला होता का? मी तोंडावर म्हणायचो, "वा, प्रतिभा!" — आणि मनातून जळायचो.

श्रावणात, तिचं वर्ष संपत आलं असताना, आम्ही दोघं दोंडाईच्याला कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, विसर्जनाला गेलो. तिथं एक म्हातारी अक्का कानबाई डोक्यावर घेऊन नाचत होती. मीही तिचे फोटो काढले. पण प्रतिभाच्या फोटोत अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठांवर हसू होतं. माझ्या फोटोत नुसती गर्दी.

परत आल्यावर मी प्रोग्राममधली एक ओळ बदलली. तिच्या फोल्डरपुढे माझं नाव लिहिलं. एवढंच. वाईट वाटलं का? छे! उलट बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत तिचा तो अक्काचा फोटो स्टुडिओकडून खान्देशभर मोबाईलवर फिरला. प्रतिभानं घाईघाईत आबांना आधीच कळवलं होतं, "माझा फोटो येतोय." आबांनी पारावर दहा जणांना बोलावून तो उघडला. कोपऱ्यात नाव माझं!

दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन माझ्याकडेच आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार होती? मी म्हणालो, "सर्व्हरचा घोळ असेल." तिनं विश्वास ठेवला. आबांना फोन लावून स्पीकरवर टाकला, म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

पलीकडून आबा म्हणाले, "पोरी, तुनं नाव कोठे शे? बठ्ठा गाव हासस."

सगळं गाव तिला हसत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. खरं बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. पण मला एकदम दिसलं — आता खरं सांगितलं तर ही इथंच राहणार. उद्याही, परवाही, माझ्या शेजारी, माझ्यापेक्षा चांगले फोटो काढत.

मी म्हणालो, "आबा, फोटो माझाच आहे. पोर लहान आहे, बोलून गेली असेल."

प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं — तिला सगळं कळलं होतं. भांडली नाही. फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाली, "आबा, मी घर येस."

ती गेली. मी तिला थांबवलं नाही.