मुडदुशीचा वाटा

आठ महिन्यांनी घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बिल्डिंगखालून मासेवालीची हाक आली आणि मी ताट घेऊन धावत तीन जिने उतरले. आठ महिने मी विदर्भ-मराठवाड्यात होते. मधे दिवाळीला दोन दिवस येऊन गेले तेवढंच. ज्वारीची भाकरी, ठेचा, लॉजवरचं पनीर, पुन्हा ज्वारीची भाकरी. बाभळीच्या सावलीत डबा उघडताना मला रोज कालवणाचा वास आठवायचा आणि रडू यायचं. हसू नका, खरंच यायचं.

मासेवालीने पाटी उतरवली. पाटीत सुरमई होती, सौंदाळे होते, बांगडे होते. मी आधाशासारखी बघत उभी राहिले. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"आलात वैनी? बरं झालं आलात."

एवढंच म्हणाली. एरवी ही बाई दहा मिनिटं बोलल्याशिवाय सोडत नाही. मी काही मागायच्या आत तिने पाटीच्या कडेला फडक्याखाली वेगळा ठेवलेला मुडदुशीचा वाटा काढला आणि माझ्या ताटात ओतला.

"मावशी, मला सुरमई हवीय."

"सुरमई पण घ्या. पण ह्ये घरात लागतात रोज."

मी दोन्ही घेऊन वर आले. दुसऱ्या मजल्यापर्यंत सुरमईचाच विचार करत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचता पोचता ताटातल्या दुसऱ्या वाट्याकडे लक्ष गेलं. मुडदुशी आमच्याकडे हौसेने कोणी रोज खात नाही. मऊ, हलका मासा, पांढरंशुभ्र मांस, मधला काटा उचलला की संपलं. आजारातून उठलेल्याला देतात, बाळंतिणीला देतात, ज्याच्या पोटात दुसरं काही ठरत नाही त्याला देतात. आमच्या घरात बाळंतीण नव्हती.

घरात आम्ही तिघंच. मी, माझा नवरा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मी ताट ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आजारी कोण आहे?"

नवरा पेपर वाचत होता. "कोणी नाही. आईला आता हलकंच लागतं जरा. वय झालं."

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या वयाबद्दल कोणी बोललं की त्या फाडकन उत्तर देतात. त्या दिवशी गप्प बसल्या आणि एकेक काडी सावकाश निवडत राहिल्या.

मी काय काम करते ते सांगायला हवं. मी पूल तपासते. जुन्या पुलाखाली उतरायचं, खांब बघायचे, कुठला पूल किती दिवस टिकेल आणि कुठला आजच बंद करावा हे लिहून द्यायचं. हातात एक छोटी हातोडी असते. काँक्रीटवर मारायची आणि ऐकायचं. आतून धड असेल तर टणक आवाज येतो, पोकळी असेल तर बद्द येतो. वीस वर्षं हेच केल्यामुळे आपला कान तयार आहे अशी माझी समजूत होती. घरी आल्यावर मी लगेच सासूबाईंवर कान लावला.

तसं पाहिलं तर घरात काहीच बिघडलेलं नव्हतं. मीच बिघडून आले होते. पहाटे पाचला जाग यायची. अंधारात स्विच चाचपायला हात भलत्याच भिंतीवर जायचा. टॉवेलची लॉजवरच्यासारखी घडी घालायचे. मारुती मंदिरला रिक्षावाल्याशी हिंदीत बोलले, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय ताई, पाहुण्या काय?" नळाला पाणी कधी येतं ते विसरले होते. मसाल्याचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आला होता. मिक्सर, जो आम्ही सणासुदीला काढायचो, तो कायमचा ओट्यावर मांडलेला होता. बाथरूममध्ये हात धरायला एक दांडी बसवली होती. या सगळ्याचा हिशोब मी सासूबाईंच्या खात्यावर लावत गेले. दांडी त्यांच्यासाठी, मिक्सर त्यांच्यासाठी, मुडदुशी त्यांच्यासाठी.

नवऱ्याकडे मी पाहिलंच नाही असं नाही. पाहिलं आणि कौतुक केलं. तो चांगला बारीक झाला होता. पट्ट्याला त्याने खिळ्याने आणखी दोन भोकं पाडली होती.

"बायको नसली की मानवतं वाटतं तुला," मी म्हटलं. "छान दिसतोस."

तो हसला. हे वाक्य मी बोलले, आणि आता ते परत घेता येत नाही.

माझी मोठी बॅग हॉलमध्ये पडून होती. मधून मधून उपसून कपडे काढायचे, पण रिकामी करत नव्हते. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, ती बॅग रिकामी कर. घरात माणसाने घरातल्यासारखं राहावं." तेव्हा नवरा म्हणाला, "राहू दे गं आई. लागेल परत." मला वाटलं, माझ्या पुढच्या दौऱ्याबद्दल म्हणतोय. मी चिडले. आल्या आल्या मला घालवायची एवढी घाई? सासूबाई उठून आत गेल्या.

चिडायला मला निमित्त लागत नाही, आणि त्या पंधरवड्यात निमित्तंही भरपूर होती. आई आजारी आहेत हे मला फोनवर का सांगितलं नाही? रोज संध्याकाळी फोन व्हायचा. तो विचारायचा, जेवलीस का? मी विचारायचे, तू? तो म्हणायचा, झालं. आठ महिन्यांच्या फोनमध्ये आईंच्या तब्येतीला दोन मिनिटं मिळाली नाहीत? एके दिवशी जेवताना मी हे सगळं त्याला भडाभडा ऐकवलं. तुझं आईकडे लक्ष नाही म्हणाले. स्वतःच्या आईचं दुखणं दिसत नाही, कसला मुलगा तू, असंही म्हणाले. तो मऊ भात कालवत होता. कालवतच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता." त्या मला कधी असं बोलत नाहीत. मला वाटलं, आजारी माणूस आहे, चिडचिड होणारच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्या नको म्हणतील असं वाटलं होतं, पण मुकाट्याने चांगलं पातळ नेसून रिक्षात बसल्या. डॉक्टर आमच्या नेहमीचे, मागच्या आळीतले. आम्हाला बघून ते अर्धवट उठले आणि त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आता कसं आहे?" सासूबाईंनी मान किंचित, अगदी किंचित हलवली. नाही, अशी. डॉक्टर पुन्हा खाली बसले आणि रक्तदाबाचा पट्टा काढला. मी हे पाहिलं. स्वच्छ पाहिलं आणि मनात म्हटलं, दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत, म्हणजे दुखणं मोठं आहे. इथवर माझं बरोबर होतं.

रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं केलं. परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला. सासूबाईंनी माझा हात असा कधी धरला नव्हता. आमचं बरं आहे, पण आम्ही हात धरणाऱ्यांतल्या नाही. त्यांचा हात गार होता आणि मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं.

"तू आलीस ते बरं झालं," त्या म्हणाल्या.

मासेवाली काय म्हणाली होती तेच.

रिपोर्ट तीन दिवसांनी आले. सगळे उत्तम. डॉक्टर म्हणाले, या वयात माझे एवढे चांगले आले तर मी पेढे वाटीन. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "छान," आणि सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. कोणीही माझ्याइतकं खूश झालं नाही हे मला लागलं. पण मला एवढा हलकेपणा आला होता की त्या संध्याकाळी मी बॅग रिकामी केली, धुवायचे कपडे भिजत घातले आणि हातोडी कपाटात वर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासेवाली आली. मे संपत आला होता. मिरकरवाडा बंदरात होड्या वर ओढायची गडबड सुरू झाली होती, पावसाळ्याची मासेमारीबंदी आठ दिवसांवर होती. तिने पाटी उतरवली आणि सवयीने फडक्याखालचा वाटा उचलला.

"मावशी, मुडदुशी नको आता," मी म्हटलं. "आजींचे रिपोर्ट छान आलेत. काही झालेलं नाही त्यांना. आज सुरमईच द्या, मोठी बघून."

तिचा हात वाट्यासकट तसाच राहिला. तिने वर, आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वैनी," ती म्हणाली, "आजींसाठी कुठं देतंय मी?"

मला कळायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. फार नसेल लागला. पट्ट्याची भोकं आठवली. मिक्सर आठवला. मऊ भात आठवला, आणि तो एका घासाला किती वेळ लावत होता ते आठवलं. शिमग्यात दारी पालखी आली होती, तेव्हा मी लॉजवरून व्हिडिओ कॉलवर बघत होते. दर वर्षी पालखी खांद्यावर घेऊन नाचणारा माझा नवरा या वर्षी फोन धरून उभा होता. मी म्हटलं होतं, अरे तू नाच ना. तो म्हणाला होता, मग तुला दाखवणार कोण?

"मला वाटलं तुमास्नी ठावं हाय," मासेवाली म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "भाऊंस्नी घास उतरत नाय. शिमग्याच्या आदीपासना. म्हनून मी बाजूला काढून ठेवतंय."

शिमग्याच्या आधीपासून. पाटीतल्या माशांवरून हिला घरातलं दुखणं कळलं होतं आणि मी वीस वर्षं खांब ठोकत फिरत होते. मला राग आला. तिचा आला, डॉक्टरांचा आला, सासूबाईंचा आला. मुडदुशीचा वाटा ताटात घेऊन मी जिने चढले. चढताना एकदा मधेच खाली बसले.

नवरा ओट्याशी पाणी पीत होता. एक घोट, मग थांबायचं, मग दुसरा. त्याने ताटात पाहिलं.

"सुरमई आणणार होतीस ना?"

त्याने पेला ठेवला.

"बस," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. अन्ननलिकेत गाठ आहे. तुकडा काढून तपासला, रिपोर्ट एप्रिलच्या सुरुवातीला आला. मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलंय. डॉक्टर लगेच या म्हणत होते, पण त्याने तारीख जूनमधली मागून घेतली, माझं काम संपल्यानंतरची. मला काम अर्धं टाकून यावं लागलं असतं. सांगणारच होतो, म्हणाला. तू जरा स्थिरावलीस की सांगणार होतो. आईला मीच गप्प राहायला लावलं, तिला बोलू नकोस.

दोन महिने. पुलाच्या अहवालात मी 'तात्काळ' असा शब्द लिहिते तेव्हा त्यात दोन महिने बसत नाहीत. दोन महिन्यांत काय होतं हे मला माहीत आहे. मी ते पाहिलेलं आहे. हे त्याला सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही.

"रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

"बरोबर आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि विळी घेऊन मासे साफ करायला बसल्या. मी कोकम भिजत घातलं. कालवण फिकंच केलं, तिखट नावाला. मधेच सासूबाई म्हणाल्या, बंदीत मासेवालीचा नवरा खाडीत पागाचं जाळं टाकतो, ती मुडदुशी आणून देईन म्हणालीय, काळजी करू नकोस. आमच्या घरातली सगळी व्यवस्था माझ्यावाचून कधीच लागलेली होती.

जेवायला तो माझ्यासमोर बसला. मी मुडदुशीचा मधला काटा उचलला, बारीक काही राहिलं नाही ना ते बोटांनी पाहिलं, आणि भातात कालवून त्याच्या पुढे केलं. त्याने घास घेतला. चावला, थांबला, पुन्हा चावला. गिळताना त्याने डोळे मिटले. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. इतकी वर्षं जे कान देऊन ऐकायला शिकले, त्यातलं इथे काही कामाचं नव्हतं. सासूबाईही हात थांबवून बघत होत्या, आणि त्या हे असं गेले कित्येक महिने एकट्या बघत आल्या होत्या.

घास उतरला. मी श्वास सोडला आणि पुढचा काटा काढायला घेतला.