आखूड दोर

चांदभाईंनी मला विहिरीत उतरवलं त्या दिवसापर्यंत न्यूटनचा तिसरा नियम मला येतो, अशी माझी ठाम समजूत होती. काष्टीच्या शाळेत मी दोन वर्षं तो शिकवत होतो. फळ्यावर बंदूक काढायची, गोळीला पुढचा बाण, दस्त्याला मागचा बाण, आणि वर्गाकडून घोकून घ्यायचं की प्रत्येक क्रियेला तितकीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. पोरं घोकायची. परीक्षेत लिहायची. मी लाल शाईनं बरोबरच्या खुणा करायचो आणि सुखानं झोपायचो.

चांदभाईंचा धंदा पाण्याखालचा. इंजिनाचा पाइप विहिरीत जिथं संपतो तिथं, वर चढलेलं पाणी मागं फिरू नये म्हणून एक झडप असते. तिचं खरं नाव फूट व्हॉल्व्ह. आमच्याकडं तिला फुटबॉल म्हणतात, आणि मी कितीही डोकं आपटलं तरी लोक फुटबॉलच म्हणणार. तिच्यात काटकी, खडा, बेडूक, काहीही अडकलं की वरचं इंजिन नुसतं धापा टाकतं. मग कुणीतरी सायकल दामटत चांदभाईंकडं जायचं. पन्नाशीचा काटक माणूस, छातीचा भाता जबरदस्त, आणि पाण्याच्या दाबानं डावा कान कामातून गेलेला. कंबरेला दोर बांधायचा, हातात पाना घ्यायचा, बिस्मिल्ला म्हणून खाली जायचं. काठावरची माणसं बोलायची थांबायची. दीड-दोन मिनिटांनी डोकं वर आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "च्या टाका."

एकाहत्तरच्या हिवाळ्यात शाळेच्या विहिरीचा फुटबॉल अडकला तेव्हा ते आले. मी काठावर उभा होतो. पाना पुसता पुसता त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी पोरांना काय शिकिवता?" मी बंदूक, गोळी, दस्ता सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "ही गोष्ट खाली गेल्याबिगर कळत न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी देवळाली प्रवऱ्याचा, कालव्यात पोहून वाढलेला. तिथल्या तिथं शर्ट काढला, पाना हिसकावला आणि बुडी मारली. खाली नट चाचपडला, पाना बसवला आणि सगळा जीव लावून रेटलं. नट जागचा हलला नाही. मीच पाइपाभोवती गरकन फिरलो. पुन्हा रेटलं, पुन्हा फिरलो. वर आलो तो नाकातोंडात पाणी.

"नट फिरला का, मास्तर?"

"नाही."

"मंग कोन फिरलं?"

काठावर मुख्याध्यापकांसह सगळे हसले. चांदभाईंनी मात्र पाण्यात उतरून माझ्या कंबरेला एक हातभर दोर बांधला, त्याचं दुसरं टोक पाइपाला, आणि सांगितलं की पाय भिंतीच्या कपारीला लावा, दोर ताठ होऊ द्या, मग रेटा. नट पहिल्या झटक्यात सुटला.

"वर जमीन आपल्याला धरून ठिवती," ते चहा पिताना म्हणाले. "आपल्याला वाटतं जोर आपल्यात हाय. पान्यात जमीन न्हाई, तर जमीन संगं न्यावी लागती. हा आखूड दोर म्हंजी जमीन."

सोमवारपासून मी फळ्यावर बंदूक काढली नाही. त्या दिवसापासून मला या माणसाचा लळा लागला, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

त्यांचा जोडीदार गहिनीनाथ माझी ओळख व्हायच्या आधीच गेला होता. ती हकिकत मला गावात तुकड्यातुकड्यांनी कळली. दोघांत एक खाली जायचा, दुसरा वर दोर धरायचा. खालच्याला दोन दोर: एक पाइपाला बांधलेला आखूड, दुसरा वरच्या माणसाच्या हातातला. एकदा हिसका म्हणजे ठीक आहे, दोनदा म्हणजे ढील दे, तीनदा म्हणजे ओढ. सत्तरच्या दिवाळीत एका मळ्यावर नट गंजून बसला होता. गहिनीनाथ तापट. त्यानं आखूड दोर सोडून टाकला आणि नुसत्या हातांनी झोंबायला लागला. अडकलेला नट एकदम सुटला, ज्या जोरानं ओढलं त्याच जोरानं गहिनीनाथ मागं फेकला गेला आणि डोकं दगडाला लागलं. चांदभाईंच्या हातातला दोर सैल होता. त्यामुळं वर त्यांना काही कळलंच नाही. ते वाट बघत राहिले.

दोर सैल का होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे चांदभाई विडी पेटवत होते, कुणी म्हणे हात घसरला. चांदभाई बोलले नाहीत. गहिनीनाथाची बायको लंकाबाई हिनं विचारलं नाही. ईदला चांदभाईंच्या मुमताजभाभी शिरखुर्मा घेऊन तिच्याकडं जायच्या, संक्रांतीला तिकडून तिळगूळ यायचा. चांदभाई स्वतः मात्र तिच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरायचे, मान खाली घालून चालत जायचे आणि पुढं पुन्हा चढायचे. तिच्या ओट्यावर ते तीन वर्षांत एकदाही बसले नव्हते.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. विहिरींचे तळ दिसायला लागले, फुटबॉल उघडे पडले, पोरंसुद्धा ते हातानं काढू लागली. पाणबुड्याला काम उरलं नाही. चांदभाई दुष्काळी कामावर खडी फोडायला यायचे आणि सुट्टी असून माझी नेमणूक तिथंच हजेरी घेण्यावर. दुपारी दौंडच्या एस.टी.नं पेपर आला की बाभळीच्या पातळ सावलीत बसून मी तो मोठ्यानं वाचायचो. लोकांना पावसाची बातमी हवी असायची. ती नसायचीच, म्हणून मी स्कायलॅबची वाचायचो.

अमेरिकेनं मे महिन्यात आभाळात एक प्रयोगशाळा सोडली होती. वर जाताना तिचा उन्हावर वीज करणारा एक पंख उखडून गेला आणि दुसरा पत्र्याच्या पट्टीत अडकून बसला. दुरुस्तीला तीन माणसं गेली. एकानं यानाच्या दारात उभं राहून लांब काठीच्या आकड्यानं पंख ओढून पाहिला. पंख काही सुटला नाही, उलट त्यांचं यानच प्रयोगशाळेकडं सरकायला लागलं.

चांदभाईंनी हातोडा खाली ठेवला. "मास्तर, तुमचा पाना!"

"तिथं पाणी नाही, चांदभाई. हवासुद्धा नाही."

"पाय रोवायला जागा हाय का?"

"नाही."

"मंग त्येच झालं की."

आता त्यांतली दोघं बाहेर पडून पट्टी कापणार आहेत, असं पुढं लिहिलं होतं. ते ऐकल्यावर चांदभाईंचं कामात लक्ष लागेना. संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. दारातच म्हणाले, "एक कारड लिवा. त्यांना सांगाया पायजे."

मला हसू आलं. ते हसत नव्हते. मी कार्ड घेतलं आणि ते सांगत गेले तसं लिहीत गेलो:

"अमेरिकेतल्या भावांनो, सलाम. तुमी पाय रोवायला जागा न्हाई तितं कामाला चाललाय. कंबरंचा दोर लांब ठिऊ नका. दुहेरी करून आखूड करा, ताठ करा, मंग रेटा. अडकलेलं येकदम सुटतं आन् मानूस मागं फेकला जातो. आमचा गहिनीनाथ आसाच गेला. वर दोर मी धरला हुता. त्यानं दोन हिसके देऊन ढील मागितली आन् मी दिली. द्यायला नको हुती. तुमच्यात जो दोर धरंल त्याला सांगा, खालचा रागावला तरी ढील देऊ नको. चांदभाई, काष्टी."

लिहिताना माझा हात दोनदा थांबला. त्यांनी मात्र एका दमात सांगितलं आणि निघून गेले.

ते कार्ड मी टाकलं नाही. साध्या कार्डावर अमेरिकेला पत्र जात नाही, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. आमचे पोस्टमास्तर फार टिंगलखोर. विज्ञानाचा मास्तर अंतराळवीरांना विहिरीच्या सूचना पाठवतो, हे त्यांनी तालुकाभर केलं असतं. कार्ड मी विज्ञानाच्या पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक फळीवर.

चारपाच दिवसांनी बातमी आली. दोघं बाहेर पडले, पट्टी कापली, पंख उघडला, दोघं सुखरूप. मी वाचून संपवलं तर चांदभाईंच्या डोळ्यांतून पाणी.

"कारड पोचलं, मास्तर."

मी "हो" म्हणालो. माझी जीभ कशी वळली कोण जाणे.

"इतक्या बिगी?"

"विमानानं जातं." एक थाप मारली की दुसरी आपोआप सुचते.

त्यानंतर दोन महिने काष्टीच्या बाजारात चांदभाई आणि अमेरिका हा एकच विषय. गूळवाला त्यांना अमेरिकावाले म्हणू लागला. ते लाजायचे, हात हलवायचे, आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायचे. मात्र गहिनीनाथाचं नाव त्यात कधी घ्यायचे नाहीत. मला बाजारातून जाणं अवघड झालं. ज्यानं मला नियम शिकवला त्याच माणसाला मी फसवून बसलो होतो.

ऑगस्टात अमेरिकेच्या वकिलातीकडून शाळांना फुकट येणारं इंग्रजी मासिक आलं. त्यात सगळं सविस्तर होतं. कापायच्या लांब कात्रीची दांडी हातात असलेला माणूस जोर लावला की मागं तरंगायचा. कितीतरी वेळ त्याची कात्री पट्टीवर बसेना. शेवटी त्यानं आपला कंबरेचा दोर एका कडीतून ओवून दुहेरी केला. दोर आखूड झाला, पाय टेकले, आणि मग काम झालं. अडकलेला पंख सुटला तो एकदम, आणि दोघंही उडून फेकले गेले. त्यांना दोरांनीच धरलं.

मी मासिक घेतलं आणि तडक चांदभाईंचं घर गाठलं. वाटेत ठरवलं होतं की आधी माफी मागायची, मग वाचायचं. आधी वाचलं. त्यांचा चेहरा उजळत गेला तसतसा माझा आवाज बसत गेला. संपल्यावर म्हणालो, "चांदभाई, कार्ड मी टाकलंच नव्हतं. हे त्यांचं त्यांनी शोधलं."

मुमताजभाभींचं भाकरी थापणं थांबलं. चांदभाई माझ्याकडं वळले.

"दोन म्हैनं मला गावात नाचिवलं व्हय?"

शरमेनं मी मान खाली घातली. मग, काहीतरी द्यावं म्हणून, मासिकातला राहिलेला भाग सांगितला. ही दुरुस्ती आधी जमिनीवर करून पाहिली होती. मोठ्ठ्या टाकीत, पाण्याखाली.

"पान्यात?"

"पाण्यात."

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ते हळूहळू मान डोलवायला लागले. "म्हंजी तिकडं बी कुनीतरी खाली जाऊन आलंय. त्याला कळलं असंल. बरं झालं. मानसं वाचली ना? मंग कारड कुनाचं का असंना." आणि थोड्या वेळानं, "माझं कारड कुठाय?"

"पुस्तकात."

"ते घ्या आन् चला. लंकाबाईकडं. मला वाचता येत न्हाई, आन् तोंडानं तर सांगताच येत न्हाई."

लंकाबाई ओट्यावर बाजरी पाखडत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सावरला, पण सूप खाली ठेवलं नाही. चांदभाई अंगणात, ओट्यापासून चार हातांवर उभे राहिले. मी कार्ड वाचायला सुरुवात केली. "अमेरिकेतल्या भावांनो" ऐकून ती गालात हसली, गावभर झालेली गोष्ट तिलाही माहीत होती. "आमचा गहिनीनाथ आसाच गेला" इथं सूप थांबलं. "त्यानं दोन हिसके देऊन ढील मागितली आन् मी दिली. द्यायला नको हुती." मग मी शेवटची ओळ वाचली.

लंकाबाईनं सूप खाली ठेवलं.

"ढील त्यांनीच मागितली हुती?" लंकाबाईनं विचारलं.

"व्हय, वहिनी. पर मी दिली."

"मागितल्यावर न्हाई दिली तर ते ऐकत हुते व्हय? घरात तरी कवा ऐकलं?" ती रडत होती आणि जुनं भांडण आठवल्यासारखी थोडी चिडलीही होती. "तीन वर्सं मी वाट बघतीय, कुनीतरी येऊन सांगंल म्हनून. लोकांनी काय काय सांगितलं. तुमी आला न्हाईत."

तिनं हात पुढं केला. मी कार्ड दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, पत्त्याची कोरी बाजू पाहिली आणि पदरात बांधलं.

"मास्तर, तुमी हे टाकलं न्हाई ते बरं केलं. हे मलाच आलेलं हाय." मग चांदभाईंकडं वळून, नाक पुसत म्हणाली, "आता वर या, भाऊजी. बसा. च्या टाकते."

चांदभाईंनी चपला काढल्या आणि ते ओट्यावर येऊन बसले.