काळ्याचे सात

त्या दिवशी सकाळीच मी पोराची गादी गच्चीवर उन्हात टाकली. खोटं काऊन बोलू, पोरगं हरावं असंच मले वाटत होतं.

तो इंग्लंडात स्नूकर खेळते. रँकिंगची स्पर्धा होती. जिकला तं यादीतला नंबर टिकते अन् पुढच्या वर्षीही व्यावसायिक म्हणून खेळाले मिळते. हरला तं यादीतून बाहेर. मंग येईन घरी, असं मी धरून चाललो होतो. त्याची आई गेल्यापासून या मलकापुरात माह्याशी बोलाले कोणी नाही. सकाळी लावलेला भातच संध्याकाळी खातो. गल्लीतले विचारतात, "पोट्टा अजून कॅरमच खेळून राह्यला का?" मी हो म्हणतो. कोणाकोणाले समजावून सांगता.

सामना टीव्हीवर नव्हता, फोनवर नुसते आकडे दिसत. दुपारी जेवण आटोपून फोन चार्जिंगले लावला अन् तिथंच खुर्ची ओढून बसलो. दोघायच्या फ्रेम, म्हणजे डाव, बरोबरीत आले, शेवटची फ्रेम उरली. तिच्यातही टेबलावर फक्त गुलाबी अन् काळा बॉल राह्यले. माह्या पोराचे पाच गुण जास्त, अन् पाळीही त्याचीच. गुलाबी पाडला की सामना त्याचा. अन् पाहा माणसाचं मन, सकाळपासून हरावं म्हणणारा मी देवाले म्हणालो, पडू दे बाप्पा.

आकडा बदलला, पण समोरच्याचा. सात गुण. गुलाबी टेबलावर असताना समोरच्याले सात मिळतात ते काळ्याले चुकून धक्का लागल्याच्या फाउलचेच. मंग समोरच्यानं गुलाबी पाडला अन् आठ गुणानं पुढं गेला; उरलेल्या काळ्याचे सातच, म्हणून खेळ तिथंच आटोपला.

संध्याकाळी पोराचा फोन आला.

"बाबा, बाही लागली काळ्याले."

"पंचानं पाह्यलं?"

"नाही. कोणीच नाही पाह्यलं. मीच सांगतलं."

मी जिनिंगमध्ये कारकून होतो. तिथल्या मागच्या हॉलात शेठजीचं स्नूकरचं जुनं टेबल होतं, सरकी-कापसाचा हंगाम सरला की आम्ही त्याच्यावर खेळत जाओ. पंच कुठून आणता? ज्याचा हात लागला त्यानंच काठी खाली ठेवून सांगायचं, असा आमचा कायदा. दुसऱ्यानं दाखवून द्यायची पाळी आली तं आठवडाभर त्या माणसाले कोणी खेळाले घेत नसे. पोरगं माह्या हाताखाली त्याच टेबलावर शिकलं.

"बरं केलं," मी म्हटलं. ते अगदी मनापासून म्हटलं. "मंग कधी येतं घरी?"

"येत नाही बाबा. इथल्या एका क्लबात पोरायले शिकवाचं काम भेटलं. ते करता करता सराव करतो अन् पात्रता फेरीतून पुन्हा वर येतो." मंग हळूच म्हणाला, "तुम्हाले एकट्याले करमते ना?"

"हाव, करमते. मले काय झालं?"

त्याले माहं तोंड दिसत नव्हतं, अन् घरात पाहाले दुसरं कोणी नव्हतं. फोन ठेवल्यावर गच्चीवर गेलो. गादी अजून कोमट होती. गुंडाळून खाली आणली अन् त्याच्या पलंगावर ठेवून दिली.