खालचा गळ

उल्का देशकर मूळची नागपूरची, आता अमेरिकेतल्या डब्लिन गावी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. कोविडच्या वर्षी घर मीटिंगांनी भरून गेलं, तेव्हा ती जवळच्या तलावावर जाऊन बसू लागली. तिथल्या एका रिटायर्ड बस ड्रायव्हरने तिला क्रॅपी धरायला शिकवलं. क्रॅपी म्हणजे काळ्या ठिपक्यांचा, चपटा, चंदेरी मासा. हिसका बसला की ओठ फाटतो. उल्का लाईनला एकच जिग बांधायची: शिशाचं इवलंसं डोकं, पिसांची शेपटी आणि गळ. मासा नुसता हुंगून गेला तरी तिच्या बोटांना कळायचं.

नवरा, सुशांत, इतकी वर्षं तिच्या या नादाला हसत होता. यंदा एप्रिलमध्ये त्याने चार व्हिडिओ पाहिले आणि बरोबर आला तो शिकवायलाच.

"डबल रिग लाव गं. दोन जिग, वेगवेगळ्या खोलीवर, एक वर, एक खाली. सिंपल मॅथ आहे."

"तळाशी बुडालेली झाडं आहेत. खालचा गळ अडकतो."

"तू कुणाचं ऐकतच नाहीस."

तासाभरात त्याचे सहा जिग फांद्यांत गेले. उल्काला चार मासे मिळाले. ती गाडीतून थर्मास घेऊन आली, तर सुशांतने तिचाच रॉड पुढे केला. लाईन पाण्यात होती. लगेच ओढ बसली. एवढं वजन तिने कधी पेललं नव्हतं. माशाची रुंद पाठ पाण्यावर दिसली, आणि लाईन जागच्या जागी थांबली. मासा तडफडून निसटला.

"खाली काय अडकलं?"

"दुसरा जिग. मी बांधला, तुला हेल्प म्हणून."

"मला न विचारता?"

"एक मासाच तर होता, यार!"

"मासा गेला खड्ड्यात! आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझं तिकीटसुद्धा तू हेल्प म्हणूनच कॅन्सल केलंस. व्हिसा अडकेल म्हणालास. विचारलंस मला? आई गेली, सुशांत. मी इथेच बसले होते."

काठावरची माणसं वळून पाहू लागली. तिने आवाज खाली आणला नाही. सामान गाडीत टाकलं आणि त्याला तिथेच सोडून निघाली.

दोन तासांनी तो मित्राच्या, मोहनच्या गाडीतून घरी आला. "माशाबद्दल सॉरी," म्हणाला. उल्काला पुन्हा संताप आला. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

मे महिन्यात तिने वडिलांकडे जायचं तिकीट काढलं आणि मग त्याला सांगितलं.

"हे कनेक्शन चुकीचं आहे, थांब, मी बदलून..."

त्याचं बोट फोनवर मध्येच थांबलं. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि उठून गेला.