तेरावा चांद

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. देवापुढेही नाही – तिथेही मी हात जोडून दुसऱ्याच गोष्टी बोलत आलो.

सन १९२७, मार्च महिना. जिल्ह्याच्या गावी सेशन कोर्ट भरलं होतं. हजर कोण कोण? जज्जसाहेब, त्यांचा शिरस्तेदार, सरकारी वकील, आरोपीचा वकील, आरोपी, आम्ही तिघे असेसर, आणि सगळ्यांना दिसावी म्हणून स्टुलावर उभी केलेली नऊ वर्षांची एक मुलगी. तिचं नाव हलीमा. बाप बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. आई अमीनाबी रेवदंड्याच्या बंदरावर मासळी विकायची; आपली जबानी देऊन तीही मागे बाकावर बसली होती. आरोपी त्याच बंदरावरचा वखारदार. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाटेल, मी अजून त्याच्याकडेच बोट दाखवतोय.

असेसर म्हणजे जज्जाच्या बाजूला बसून पुरावा ऐकणारे गावचे प्रतिष्ठित. शेवटी आम्ही मत द्यायचं. मानायचं की नाही ते साहेबांच्या हाती. माझी चौलला सुपारीची वाडी आहे. आकडेमोडीत चुकत नाही असा माझा लौकिक होता. होता काय – आहे. तेच तर सांगायचं आहे.

वखारदाराने मुलीशी काय केलं, ते मी इथे लिहिणार नाही. तिने ते एकदा आईला सांगितलं, एकदा फौजदाराला, एकदा मामलेदाराला आणि चौथ्यांदा आमच्यासमोर. आता पाचव्यांदा मी कशाला?

तिला शपथ दिली नाही. एवढ्या लहान मुलाला शपथेचा अर्थ कळतो का, ते आधी पाहतात. साहेबांनी शिरस्तेदारामार्फत विचारलं, खोटं बोललं तर काय होतं? ती म्हणाली, "आई मारते." साहेब हसले. मग तिने विचारलं, "आणि खरं बोललं तर?" त्याचा इंग्रजी तर्जुमा शिरस्तेदाराने केला नाही.

डॉक्टरचा दाखला होता, पण आईने तक्रार करायला चार दिवस लावले होते, आणि चार दिवसांनी डॉक्टरला खात्रीने काही लिहिता आलं नाही. चार दिवस का लागले? ते विचारणाऱ्याने आपल्या घरात अशी गोष्ट उच्चारून पाहावी. साहेबांनी आम्हाला समजावलं – अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलाचं नुसतं बोलणं पुरेसं धरू नये, त्याला बाहेरून टेकू लागतो. पाहणारा माणूस, वस्तू, काहीतरी. इथे कोणी पाहिलेलं नव्हतं.

मुलीचं म्हणणं असं. सूर्य बुडायला आला होता, ती खडपावर, भरतीत बुडणाऱ्या खडकांवर, कालवं काढत होती. वखारदाराने हाक मारली, तशी ती खडपावरून चालत पलीकडे वखारीच्या मागच्या दाराशी गेली. पुढून, रस्त्याने गेली असती तर दहा जणांनी पाहिलं असतं. म्हणजे सगळं त्या खडपावर येऊन ठेपलं. त्या संध्याकाळी ते उघडं होतं, की पाण्याखाली?

आरोपीचा वकील म्हणाला, पाण्याखाली. साहेब आमच्याकडे वळले. तुम्ही किनाऱ्याची माणसं, हे ठरवता येतं का?

मी उठलो. किती चटकन उठलो! आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं – तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तक्रारीच्या कागदावर घटनेची तिथी होती त्रयोदशी. मी म्हणालो, "तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला पूर्ण भरती, पावणेचारला पूर्ण ओहोटी. सूर्य बुडायच्या वेळी पाणी दोन तास चढलेलं. खडप बुडालेलं असणार."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. घटना पौष महिन्यातली, सहाच्या सुमारास सूर्यास्त, सगळं बिनचूक. मागे बाकावरून अमीनाबी काहीतरी म्हणाली. शिरस्तेदाराने तिला गप्प केलं – तुझी जबानी झालीय.

दुपारी कोर्ट उठलं. मी व्हरांड्यात पाणी पीत होतो. अमीनाबी खांबाशी येऊन उभी राहिली. रडत नव्हती, भांडतही नव्हती. भाजीवाल्याची मोजणी चुकली तर सांगावं, तशी म्हणाली, "अण्णा, मी पाटलाला तेरावा चांद सांगितलावता. तेरस न्हाय. आमचा तेरावा चांद म्हंजे तुमची पुनव."

मला तिथल्या तिथे कळलं. त्यांचा महिना चांद दिसल्यावर सुरू होतो, आणि चांद दिसतो बीजेच्या संध्याकाळी. त्यांचा पहिला दिवस म्हणजे आमची तीज. पोलिस पाटलाने 'तेरावा' ऐकलं आणि त्रयोदशी लिहिली. इंग्रजी तारीख पंचांगावरून मागाहून बसवली. पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी सव्वापाचला. सूर्य बुडताना पाणी जेमतेम चढायला लागलेलं, खडप उघडं – पोरगी म्हणत होती तस्संच. टेकू हवा होता ना? हा टेकू होता. दर्या तिच्या बाजूचा साक्षीदार होता, आणि मी त्याला दुसरीकडे उभा केला होता.

मी काय केलं? मी म्हणालो, "बाई, साक्षीदाराशी बोलायची आम्हाला मनाई आहे."

मनाई होतीच. तो नियम खरा आहे. पण आत जाऊन साहेबांना 'माझं चुकलं, तिथी पुन्हा तपासा' म्हणायला कोणता नियम आड येत होता?

मला कोणी पैसे दिले नव्हते, धमकी दिली नव्हती. वखारदार माझा सोयरा नव्हता. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही. यातलं एखादं असतं तर निदान कारण तरी असतं. मी फक्त सकाळी सगळ्यांदेखत उठलो होतो, आणि दुपारी सगळ्यांदेखत पुन्हा उठायचं नव्हतं. बस्स. एवढ्यासाठी.

पहिल्या असेसरने – शाळामास्तर होते – शंका आहे म्हणून सांगितलं. दुसरा मचव्यांचा मालक, पिकलेला म्हातारा. तो म्हणाला, "अण्णांचं गणित बरोबर असंल. पोर पण खरं बोलते. दोन्ही कसं, ते मला न्हाय कळत. पर मी पोरीच्या बाजूनं." म्हाताऱ्याला जे कळत नव्हतं, ते मला कळत होतं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "आरोपीला शंकेचा फायदा मिळावा."

आवाज कापला नाही. कापायला हवा होता ना? नाही कापला.

निकालात साहेबांनी लिहिलं की मुलीची जबानी निसर्गाच्या नियमाशीच जुळत नाही. वखारदार सुटला. बाहेर येऊन त्याने मला नमस्कार केला, आणि मी तो घेतला. पुढे कित्येक महिने बाजारात थट्टा चालायची – अण्णांनी दर्याला पिंजऱ्यात उभा केला! मीही हसायचो. एकदा तर लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला म्हणून तो हिशेब मीच पुन्हा करून दाखवला, तेराची पाऊणपट पावणेदहा.

तीन वर्षांनी त्याच वखारीच्या संदर्भात आणखी एका मुलीचं नाव कानावर आलं. कुजबुज झाली, तक्रार झाली नाही. कोण करणार? आमच्या बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं, असल्या खटल्याचं काय होतं ते. ते त्यांना मी शिकवलं होतं.

अमीनाबीने निकालाच्या वर्षीच, पावसाळ्याआधी घर मोडलं आणि मुलीला घेऊन मुंबईला भावाकडे गेली. हलीमा आता वीस वर्षांची असेल – असली तर. चौकशी करणं अवघड नव्हतं. मी केली नाही.

निकालाच्या दिवशीचं एक राहिलं. मी अंगरखा झटकून निघालो तेव्हा कोर्टाचे पैसे देणाऱ्या नाझराच्या खिडकीशी त्या दोघी मायलेकी उभ्या होत्या. कारकुनाने दोन दिवसांचा साक्षीदारांचा भत्ता मोजला. अमीनाबीला एक रुपया. हलीमाला आठ आणे; अज्ञान, म्हणून अर्धा.