दिल्लीच्या फोटोतले आप्पा

माझा कापडावर विश्वास नाही, माणसांवर तर त्याहून नाही. सुरतच्या कापड मार्केटमध्ये मी साड्यांच्या चेकिंगला बसते. समोरून साडी सरकत जाते आणि मी तिच्यात तुटलेली तार, तेलाचा डाग, चुकलेली छपाई शोधत राहते. घरी आल्यावरही डोळे तेच काम करतात. नवऱ्याने दुपारी शर्ट बदलला तरी मी विचारते, का बदलला? तो बिचारा म्हणतो, घाम आला होता. मी शर्ट हातात घेऊन बघते. पण ही सवय मार्केटने लावलेली नाही. ती लावली सुरतच्याच नवागाममधल्या माझ्या माहेरच्या खोलीतल्या एका फोटोने.

फोटो वर्तमानपत्रातला, कापून फ्रेम केलेला. मधोमध देशाचे तेव्हाचे सगळ्यांत मोठे नेते, हात जोडून उभे. त्यांना भेटायला सुरतहून गेलेली लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांची मंडळी दोन्ही बाजूंना. सगळ्यांना कोणीतरी सारख्याच पांढऱ्या टोप्या वाटलेल्या, त्यामुळे कोण कुठला काही कळत नाही. उजवीकडून दुसरा माणूस पुढच्याच्या हारामागे अर्धा झाकला गेलेला. खाली बारीक अक्षरांत नावं होती, आणि त्या जागी आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव स्वच्छ छापलेलं होतं. घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी आई त्या फोटोकडे बोट दाखवायची.

त्या फोटोपायी आमचं घर बसलं होतं. लूम बंद होते, कामगारांचं भांडण चिघळलं होतं, म्हणून ही मंडळी दिल्लीला गेली. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा आप्पांना दारातूनच परत पाठवलं. पेपरात नाव आलेल्या माणसाला मग कुठल्याच शेठने उभं केलं नाही. त्यांनी चौकीदारी केली, साड्यांचे गठ्ठे ओढले. आई आमच्या लहानपणभर साड्यांना टिकल्या चिकटवत बसली, त्या गोंदाने तिच्या बोटांची साल निघायची. पण मी तिला कधी रडताना पाहिलं नाही. नवरा दिल्लीला गेला, मोठ्या माणसासमोर उभा राहिला, म्हणून हे भोगतो आहोत, असं ती मान वर करून सांगायची. आप्पा तेव्हा हमखास बाहेर जायचे. मी ते बघून ठेवलं होतं.

मी दहावीत असताना त्यांना खोदून विचारायला लागले. नेते काय बोलले? एकदा म्हणाले, मुलं किती ते विचारलं. पुढच्या दिवाळीला म्हणाले, गाव कोणतं ते विचारलं. दिल्लीत थंडी होती की गरम? "ठीक होतं." राहिलात कुठे? "होती एक जागा." माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यात मावशी एकदा बोलून गेली की दिल्लीच्या त्याच दिवसांत तिने आप्पांना सुरतबाहेर इच्छापोरला बघितलं होतं, एका बांधकामाजवळ, गमछा तोंडावर ओढलेला. मी त्याचा सरळ अर्थ लावला. इच्छापोरला बाई आहे. दिल्ली हे निमित्त. आईपाशी मी एकदाच विषय काढला. ती टिकल्या बाजूला सारून आपल्या अहिराणीत म्हणाली, "मना माणूस शे तो. फोटोमा शे." आणि मला पुढे बोलू दिलं नाही.

तेव्हापासून असले जुने फोटो दिसले की मी बघत बसते. आता मोबाईलवर ढिगाने येतात. शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ, खेळाडू, दुष्काळाचं गाऱ्हाणं घेऊन आलेले लोक, आणि मधे कोणी ना कोणी मोठा नेता. निवेदनाचा कागद दोघांच्या हातात अर्धा-अर्धा धरलेला असतो आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघतात. ऐकताना कोणीच दिसत नाही. पाहुण्यांमध्ये एक तरी माणूस असा असतो जो तिथे कसा आला हे त्यालाच कळलेलं नसतं. मी त्याच्यावर बोट ठेवून फोटो मोठा करते. आमचे आप्पा असे उभे राहिले असते का? घरमालक दारात आला तरी ज्यांच्या घशाला कोरड पडायची, ते?

आप्पा गेले. मी संशय गुंडाळून ठेवला, कारण आता विचारायचं कोणाला? आणि गेल्या वर्षी आमच्या मराठी लोकांच्या मंडळाने दिंडोलीजवळ नवा हॉल बांधला. भिंतीवर जुने फोटो लावायचे ठरले. मंडळाच्या एका भाऊंनी कुठल्यातरी जुन्या फोटोग्राफरच्या घरून त्या भेटीची मूळ प्रत मिळवली आणि ग्रुपवर टाकली. पेपरातल्या फोटोत चेहऱ्यांचे नुसते ठिपके होते, हा लख्ख. हारामागचा माणूस मी मोठा करून बघितला. रुंद कपाळ, जाड भुवया, बसकं नाक. ते आप्पा नव्हते. वाटच बघत होते मी इतकी वर्षं, पण तेव्हा मला आनंद झाला नाही.

त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कोसाडहून, ग्रुपवरून नंबर काढून एका बाईचा फोन. ती म्हणाली, हारामागचे माझे पप्पा आहेत. ते आणि तुमचे आप्पा पाळीचे जोडीदार होते, एकाच लूमवर, एक दिवसपाळी, एक रातपाळी. "पप्पा आता जास्त दिवस नाहीत, बेन. हॉलमध्ये त्या चेहऱ्याखाली त्यांचं नाव लागलेलं त्यांना बघू द्या ना. बस, एटलंच."

मी आईपासून लपवायचं ठरवलं होतं. पण तिच्या हातातही मोबाईल आहे. तिने फोटो बघितला, बराच वेळ बघितला, माझ्याकडून कोसाडच्या फोनचं काढून घेतलं, आणि सकाळी फ्रेम भिंतीवरून काढून साडीच्या पिशवीत घातली. "चाल," म्हणाली. रिक्षात ती पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. तिच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं. आप्पा दिल्लीला गेलेच नसतील तर तिने ते सगळं कशासाठी सोसलं? आणि गेले नाहीत तर होते कुठे? मला माझं उत्तर ठाऊक होतं आणि ते कोसाडच्या त्या खोलीत कोणी बोलू नये असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

म्हातारबाबा दाराशी खाटेवर होते. मराठवाड्याकडचे, आप्पांच्याच वयाचे, लूमच्या खडखडाटाने कान पार गेलेले. मुलगी त्यांच्याशी ओठांनीच बोलत होती, आवाज न काढता. कारखान्यात सगळे असंच बोलतात, आप्पाही घरी कधीकधी तसंच बोलायचे. लग्नानंतर आईनेही काही दिवस कारखान्यात बॉबिन भरली होती. ती त्यांच्यासमोर बसली, फ्रेम पिशवीतून काढून खाटेवर ठेवली आणि नुसते ओठ हलवले. मी बाजूने वाचलं. तो कुठे होता?

तिचा प्रश्न खोलीतसुद्धा ऐकू आला नाही. त्यांचं उत्तर मात्र सगळ्या बिल्डिंगला गेलं, कारण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही.

"वहिनी, त्यो स्टेशनापर्यंत आला व्हता! गळ्यात हार! गाडी लागली तसं त्याचं अंग कापाया लागलं. मनला, मला जमत न्हाई, शेठ बघंल, काढून टाकंल!"

शेजारच्या बायका दारात आल्या. मुलीने हाताने आवाज कमी करा असं सांगितलं, पण त्यांचं लक्ष आईच्या तोंडाकडे होतं.

"मी मनलो, मंग मी जातो तुझ्या जागी. आमचं तसंच असायचं, वहिनी. एक न्हाई आला तर दुसरा लूमवर उभा. त्याला का कुणाला विचारायचं असतं? पर नावं आधीच दिलेली व्हती. पेपरवाल्यानं तीच छापली."

पाळी बदलावी तशी त्यांनी दिल्ली बदलली होती. खाली कोणाचं नाव पडेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आईने पुन्हा ओठ हलवले. मग घरी का नाही आला?

"कसा येईल? सगळ्या गल्लीनं हार घालून धाडलेला! इच्छापोरला गाववाल्याच्या साइटवर राहिला, इटा उचलीत. आमी आलो तवा आला." ते थांबले, धाप लागली होती. "मंग शेठनं पेपर पुढ्यात टाकला अन् त्याला काढलं. मी मनलो, मी जाऊन सांगतो, फोटोत मी हाय. त्यानं मला हात जोडले. मनला, तुझी लेकरं लहान हायती, दोघं उपाशी राहून काय करायचं? अन् मी गप बसलो, वहिनी. जल्मभर गप बसलो. तुमच्या घरी यायचं तोंडच न्हाई राहिलं."

वर्षानुवर्षं मी ज्या माणसाच्या शर्टाला बाईच्या केसांच्या तेलाचा वास शोधत होते तो विटा उचलत होता. आणि नंतर एका शब्दाने सुटू शकत होता तेव्हा गप्प राहिला. ही गोष्ट आम्हाला सांगितली असती तर आम्ही त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण ती सांगायची तर आधी स्टेशन सांगावं लागलं असतं. ते त्याच्याने झालं नाही. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

आई रडली नाही. तिने फ्रेम म्हाताऱ्याच्या हाताखाली सरकवली. त्यांच्या मुलीला म्हणाली, मंडळाला सांग, नाव तुझ्या बापाचंच लावा, आमची काही हरकत नाही. चहा टाकलेला होता, तो तिने घेतला नाही. दारातल्या बायकांमधून ती वाट काढत खाली उतरली.

रिक्षा अमरोलीच्या पुलावर आली. मी आप्पांची बाजू घ्यायला लागले, मीच, जिने कधी घेतली नव्हती. म्हटलं, घाबरले असतील गं, नोकरीचा प्रश्न होता, माणूस आहे, घाबरतो.

"भ्यायना ते भ्यायना," ती चिडून म्हणाली, म्हणजे भ्याला तर भ्याला. मग पदराने तोंड पुसलं.

"पन एकलाच कसाले भ्यायना? मी व्हतू ना घरमा."