आधी ऑक्सिजन सांगा

डॉ. विश्वंभर घोलप सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते प्रयोगशाळेच्या फरशीवरून काचेचे तुकडे वेचत होते. वीज गेल्याने भट्टी एकदम निवली होती आणि आतली नळी तडकली होती. मी महाविद्यालयात नव्याने लागले होते आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत होते. सर वर न बघता म्हणाले, "बाई, इथं नळ्या फार फुटतात. विचार करून या." मी विचार केला नाही. त्याला आता तीस वर्षे होतील.

सरांचे काम सांगायला सोपे आणि करायला दमवणारे. धातूच्या ऑक्साइडची पूड खूप तापवायची, म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन निघून जातो. मग तिच्यावरून वाफ सोडायची. पूड वाफेतला ऑक्सिजन ओढून घेते, हायड्रोजन मोकळा होतो आणि पूड पहिल्यासारखी होते. पुन्हा तापवा. पाणी फोडून इंधन काढायचे हे चक्र. शहरात नळाला आठवड्याने पाणी. आमचे शिपाई कचरूमामा पाचोडचे. पाण्याचा कॅन ठेवताना म्हणायचे, "प्यायला नाय, अन् हे फोडायलेत." सर हसत आणि कॅन उचलू लागत.

हायड्रोजन किती मिळाला, हे सर आधी कधीच ऐकून घेत नसत. "आधी ऑक्सिजन सांगा." पुडीतून जेवढा गेला, तेवढाच परत आला पाहिजे आणि हायड्रोजनही त्याच हिशेबात निघाला पाहिजे.

एका हिवाळ्यात ऑक्सिजन मोजायचे यंत्र बिघडले. सर आईच्या आजारपणामुळे गंगापूरजवळच्या गावी होते. माझा प्रबंध रखडला होता आणि नोकरी कायम होणे त्यावर अडले होते. त्यातच वाफेच्या वाटेवरचा काचेचा जोड फुटला. मी उस्मानपुऱ्यातल्या लेथवाल्याकडून लोखंडी जोड करून घेतला. त्या दिवसापासून हायड्रोजन वाढला. सरांनी फोनवर आकडे ऐकले, त्यांवरच्या शोधलेखाला होकार दिला आणि लेख स्वीकारला गेला.

परत आल्यावर सरांनी आधी यंत्र दुरुस्त करून घेतले. ऑक्सिजन जेमतेम, हायड्रोजन कितीतरी जास्त. त्यांनी जोड उघडला. आतून लोखंड खाल्ले गेले होते. तापलेले लोखंडही वाफेतला ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन सोडते. आमची पूड नव्हे, तो जोडच काम करत होता.

सरांचे घराणे मेंढरे राखणारे. ते म्हणाले, "वडील संध्याकाळी मेंढरं मोजायचे. कमी भरली तर काळजी. जास्त भरली तर जास्त काळजी, दुसऱ्याचं मेंढरू आत आलेलं असायचं."

"लेखाचं काय करायचं?"

"परत घ्यायचा."

"आणि माझा प्रबंध?"

"पुन्हा करायचा. मी आहे."

दोन महिने मी सरांशी कामापुरतेच बोलले. पुढे त्यांनी नियतकालिकाला पाठवलेल्या पत्राची प्रत हाती आली. ऑक्सिजन विचारणे मार्गदर्शकाचे काम होते, ते मी केले नाही, असे सरांनी त्यात लिहिले होते. माझे नाव कुठेच नव्हते. मला मुदतवाढ मिळावी म्हणून ते प्राचार्यांकडे गेले, हे कचरूमामांनी सांगितले. "लई वेळ उभे होते सर. साहेबांनी बसा म्हणलं नाय."

प्रबंधाला आणखी तीन वर्षे लागली. हायड्रोजन थोडासाच निघाला, पण मोजणी जुळली.

आता हायड्रोजनचे नाव सगळीकडे आहे. हे चक्र कारखान्यात कधी येईल, असे लोक सरांना विचारतात. सर सांगतात, "माहीत नाही. पूड दर फेरीला थोडी थकते." आम्हीही थकलो आहोत. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन.

गेल्या आठवड्यात सर काठी टेकत दोन जिने चढून प्रयोगशाळेत आले. माझी विद्यार्थिनी उत्साहाने म्हणाली, "सर, हायड्रोजन दुप्पट झाला." सर माझ्याकडे पाहत राहिले. मी तिला म्हटले, "आधी ऑक्सिजन सांग." मग सर खुर्चीत बसले.

सरांची पंचाहत्तरी पूर्ण झाली. त्यांना दीर्घ आयुष्य लाभो आणि गुडघे दोन जिने चढण्याइतके शाबूत राहोत. हे चक्र पुरते साधलेले ते पाहतील, असे मी लिहिणार नाही. बहुधा आमच्यातले कोणीच पाहणार नाही. पण मोजणी चालू असेल तोवर त्या खुर्चीत सर बसलेले असावेत.